नकाशांचा घाणा व एक तिरकी रेघ

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चिटणीसांनी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा आम्ही शिक्षणावर काही लिहू असा त्यांचा समज होता. परंतु गेले वर्षभर आम्ही ज्या कामात गुंतलो होतो ते सभासदांना समजावून सांगणे अधिक उपयोगाचे होईल, असे आम्हांस वाटले. ट्रस्टच्या धार व देवास येथील इमारतींचे १८४ नकाशे संगणकातून कागदावर उतरविण्याचे हे काम. विषय ऐकून चिटणीस म्हणाले, "त्यात समजावण्यासारखं काय आहे, मास्तर? बटण दाबलं की निघतो कागद." बटण दाबले की कागद निघतो, हे खरे. निघालेला कागद खरा असतो की नाही, हा प्रश्न निराळा. आणि या प्रश्नापायी देवासच्या वसतिगृहातील मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा हौद फुटता फुटता राहिला.

आपल्या इमारती एकाच वेळी उभ्या राहिलेल्या नाहीत, हे जुन्या सभासदांना माहीत आहे. खोलीला खोली जोडत, वऱ्हांड्यावर मजला चढवीत त्या वाढल्या. त्यांचे नकाशे वर्षानुवर्षे एकाच ड्राफ्ट्समनने काढले. ते आता हयात नाहीत. आम्ही सर्व त्यांना काका म्हणत असू. जाण्यापूर्वी त्यांनी सारे नकाशे दोन डिस्कवर भरून कचेरीत ठेवले होते; एक देवासची, एक धारची. दुरुस्ती असो, परवानगी असो, विमा असो, दर वेळी नकाशा मागितला जातो आणि दर वेळी कोणाला तरी हातापाया पडून एखादा कागद काढून घ्यावा लागतो. तेव्हा महोत्सवाच्या निमित्ताने सर्व नकाशांची छापील प्रत व संगणकीय प्रत तयार करावी असे ठरले. आमचा एक माजी विद्यार्थी पीथमपूरला एका कारखान्यात यंत्रभागांचे नकाशे काढतो. त्याने हात देण्याचे कबूल केले.

आता संगणकावरचा नकाशा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. तो फोटो नव्हे. भिंत येथून सुरू होते व तेथे संपते, असे आकडे फाईलमध्ये ठेवलेले असतात व पडद्यावर दिसते ती रेघ त्या आकड्यांवरून दर वेळी नव्याने काढली जाते. ऑटोकॅड नावाचे जे साधन काका वापरीत, ते १९८२ साली अमेरिकेत बाहेर पडले व पुढे आपल्याकडेही ड्राफ्टिंगच्या टेबलावरील टी-स्क्वेअरची जागा त्याने घेतली. असा एक नकाशा कागदावर उतरवायचा तर यंत्र डझनभर प्रश्न विचारते. कागद केवढा? आडवा की उभा? नकाशाचा कोणता भाग छापू? प्रमाण काय? तयार झालेल्या प्रतीला नाव काय देऊ? १८४ नकाशांना डझनभर प्रश्न म्हणजे दोन हजारांच्या वर उत्तरे. माणूस कंटाळतो व कंटाळला की चुकतो.

म्हणून उत्तरे आधीच एका यादीत लिहून ठेवायची व यंत्राला सांगायचे, की हा गठ्ठा घे आणि प्रत्येक नकाशाला हीच उत्तरे समज. आमच्या भगिनी भज्यांचा घाणा काढतात तसा हा नकाशांचा घाणा. ही रीत नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, त्या काळी छिद्रे पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा यंत्रावर द्यावयाचा व उत्तरासाठी थांबावयाचे, असा क्रम असे. एका पत्त्यात चूक असली की सारी खेप फुकट. त्यामुळे त्या पिढीची माणसे गठ्ठा देण्यापूर्वी तो हाताने तपासून पाहत. आज यंत्र जलद झाले आणि ती सवय गेली. आमचीही गेलेली होती, हे कबूल करतो.

रमजानचे दिवस होते. इफ्तारनंतर आम्ही शाळेच्या संगणकखोलीत बसत असू आणि विद्यार्थी पीथमपूरहून पाळी संपवून येई. त्याने उत्तरसूची लिहिली. प्रतीचे नाव ओळखू यावे म्हणून आधी नकाशाचा क्रमांक व त्यापुढे नकाशाच्या चौकटीत लिहिलेले गावाचे नाव, अशी नावे यंत्राने आपोआप द्यावीत असे त्याने योजले. कल्पना चांगली होती. देवासच्या डिस्कवरील पहिले दहा नकाशे घालून पाहिले. दहाच्या दहा निघाले. प्रतींची नावे मात्र विचित्र दिसली. क्रमांकापुढे देवास असे न येता इंग्रजी अक्षरांचा कसलासा घोळ आला होता. आम्ही म्हटले, नाव कसेही असो, कागद तर निघाला ना! सर्व उलगडा त्या घोळात होता, पण यश मिळाल्यावर त्याच्याकडे कोण पाहतो?

त्याच रात्री धारची सबंध डिस्क लावून आम्ही घरी गेलो. सकाळी येऊन पाहतो तो एकही प्रत नाही, आणि पडद्यावर चुकीच्या संदेशांच्या रांगा.

येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. उत्तरसूचीला प्रश्न दिसत नाहीत. ती आपली एकामागून एक उत्तरे देत सुटते. आपल्या पोरांच्या पर्यायवाचक परीक्षेत एखादा मुलगा सातवा प्रश्न गाळतो आणि आठव्याचे उत्तर सातव्याच्या गोलात रंगवतो. पुढची सारी उत्तरे त्याला येत असूनही चुकतात. तसेच येथे झाले. पहिल्याच नकाशाला दिलेले नाव यंत्राने नाकारले व नाव पुन्हा विचारले. सूचीने त्याला पुढल्या प्रश्नाचे उत्तर दिले. मग प्रश्न एकीकडे, उत्तरे दुसरीकडे. रात्रभर यंत्र इमानेइतबारे चुकत राहिले. पडद्यावरचे शेकडो संदेश वाचण्यात आम्ही दोन संध्याकाळी घालविल्या. वास्तविक वाचण्यासारखा संदेश एकच होता, सर्वांत पहिला. बाकीचे त्याची पिलावळ.

परंतु तो पहिला संदेश इतकेच म्हणत होता की अशा नावाची प्रत करता येत नाही. तेव्हा संशय धारच्या डिस्कवर गेला. ती जुनी, तिच्यातले नकाशे ऑटोकॅडच्या जुन्या आवृत्तीतले. हा संशय अगदीच वेडगळ नव्हता. एअरबस कंपनीच्या ए३८० या प्रचंड विमानाची कथा प्रसिद्ध आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग व फ्रान्समधील तुलूझ येथे कॅटिया या एकाच नकाशासाधनाच्या दोन निरनिराळ्या आवृत्त्या वापरल्या जात होत्या. हॅम्बुर्गला तयार केलेल्या वायरी तुलूझला विमानात बसविताना तोकड्या पडल्या, आणि २००६ साली कंपनीला विमाने देण्याच्या तारखा पुन्हा पुन्हा पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणून आम्हीही धारचे सगळे नकाशे नव्या आवृत्तीत बदलले, संगणकही बदलला, वर विषाणू शोधणारे साधन चालविले. एका वेळी तीन गोष्टी बदलल्या, म्हणजे कशाने काय झाले ते कळण्याची सोयच उरली नाही. प्रयोगशाळेत आम्ही मुलांना ज्यासाठी रागावतो तेच आम्ही केले. गुण मात्र काहीच आला नाही.

अखेर विद्यार्थ्याने शहाणपणाची गोष्ट केली. एका नकाशाने हाय खाल्ली तरी दुसऱ्याचे बिघडू नये म्हणून प्रत्येक नकाशा स्वतंत्रपणे उघडून छापावा व प्रत्येकाचा निकाल एका ओळीत नोंदवावा, अशी सूची बदलली. दोन्ही डिस्का लावल्या. निकाल असा लागला : देवासचे ११३ पैकी १०४ उत्तीर्ण, ९ अनुत्तीर्ण. धारचे ७१ पैकी केवळ २ उत्तीर्ण, ६९ अनुत्तीर्ण.

"सर, धारचा निकाल कमी लागला," तो हसत म्हणाला.

आम्ही मात्र त्या ६९ कडे पाहिलेच नाही. फळ्यावर दोन चौकटी आखल्या. एकीत धारचे दोन उत्तीर्ण लिहिले, दुसरीत देवासचे नऊ अनुत्तीर्ण. कारण धारच्या डिस्कचाच दोष असता तर ते दोन निघाले नसते आणि हे नऊ अडले नसते. हे अकरा नकाशे एकेक करून उघडले. धारचे जे दोन निघाले होते त्यांच्या चौकटीत काकांनी गावाचे नाव इंग्रजीत लिहिले होते. बाकी सर्वांवर देवनागरीत. आणि देवासचे जे नऊ अडले होते, त्यांच्यावर नुसते देवास नव्हते. देवास धाकटी पाती असे होते!

नव्या पिढीच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंना देवास मिळाले आणि पुढे एकाच गावात दोन संस्थाने नांदू लागली, थोरली पाती व धाकटी पाती. दोघांची सरहद्द गावातूनच जात असे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांकडे चिटणीस म्हणून राहून गेले व त्यांनी देवासवर पुढे पुस्तकही लिहिले. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या. काका जुन्या वळणाचे. कोणती इमारत कोणत्या पातीच्या हद्दीत येई ते ते नकाशावर लिहीत. थोरल्या पातीचे सर्व नकाशे निर्विघ्न निघाले होते व धाकट्या पातीचे सर्व अडले होते. संगणक अद्याप भाऊबंदकी चालवतो आहे की काय, असा विनोद त्या रात्री आम्ही केला.

विनोदातच उत्तर होते. धार आणि धाकटी, या दोहोंत काय समान आहे? ध!

आपल्या मध्य प्रदेशात देवनागरी लिहिण्यासाठी कृतिदेव नावाचा फॉन्ट वर्षानुवर्षे चालत आला. महाराष्ट्रात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी चाले, तसाच हा प्रकार. १९९१ साली युनिकोडमध्ये देवनागरी अक्षरांना स्वतःची घरे मिळाली, परंतु ती व्यवस्था सर्वत्र रुळण्यापूर्वी देवनागरी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या घरात भाडेकरू म्हणून राहत. दारावरची पाटी मराठी, घर मात्र इंग्रजीच्या मालकीचे. फॉन्ट असेल तोवर आपल्याला पाटी दिसते. यंत्राला मात्र नेहमी मूळ मालकच दिसतो. देवास हा शब्द कृतिदेवात लिहिला की यंत्राच्या लेखी तो एन, एस, ओ, के, एल असा असतो. पहिल्या दहा प्रतींच्या नावांत जो घोळ दिसला तो हाच. धार हा शब्द मात्र तिरकी रेघ, के, के, जे असा असतो. ध या अक्षराच्या घराची मालकीण ती तिरकी रेघ. थ ला ती लागत नाही, म्हणून थोरली पाती तरली.

आणि फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. ती रेघ म्हणजे यंत्राच्या भाषेत कपाटातून खणाकडे जाण्याची खूण. क्रमांकापुढे धार आले की यंत्राला वाटे, अमुक क्रमांकाच्या खणात ही प्रत ठेवायची आहे. तो खण नाही, म्हणून नकार. नकाशा निर्दोष, डिस्क निर्दोष, आवृत्ती निर्दोष. खात्री करण्यासाठी एक उलटा प्रयोग केला. देवासच्या एका उत्तीर्ण नकाशावर गावाच्या नावापुढे धर्मशाळा हा शब्द जोडला. तो अडला. मग धारच्या एका नकाशावरील नाव काढून टाकले. तो निघाला. दोन्हीकडून पटल्यावरच आम्ही नावाची योजना बदलली. आता प्रतीच्या नावात फक्त क्रमांक असतो. गाव, पाती, इमारत हे सर्व वेगळ्या नोंदवहीत युनिकोडमध्ये लिहिले आहे.

त्या रात्री १८४ पैकी १८१ नकाशे निघाले. चिटणीसांनी पेढे मागविले. दुसऱ्या आठवड्यात वसतिगृहाच्या नव्या खोल्यांचे काम निघाले व कंत्राटदार अंगणाचा नकाशा घेऊन गेला.

येथवरच्या साऱ्या चुका बोलक्या होत्या. यंत्र अडे, आरडाओरडा करी. पुढची चूक मुकी निघाली, आणि ती आम्हांला सापडली नाही. आमच्या नववीच्या मुलींना सापडली. आम्ही वर्गात प्रमाण शिकवीत होतो. पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा बरे म्हणून वसतिगृहाच्या नकाशाची एक ताजी प्रत दिली. चौकटीत १ : १०० असे लिहिलेले, म्हणजे कागदावर १ सेंटिमीटर तर जमिनीवर १ मीटर. पट्टीने वऱ्हांडा मोजा व मग टेपने खरा वऱ्हांडा मोजा, असे सांगितले. मुली परत आल्या. पट्टीने १६.२ मीटर. टेपने १८.

"सर, टेप खोटी आहे का?" एकीने विचारले.

आम्ही म्हटले, तुम्ही चुकलात. पुन्हा पाठविले. पुन्हा १८. मग स्वतः गेलो. १८. घाम फुटला, कारण अंगणात कंत्राटदाराने खड्ड्यांसाठी फक्की मारलेली आम्हांला दिसत होती.

झाले होते ते असे. विद्यार्थ्याच्या कारखान्यात नकाशा कागदावर मावेल तसा बसवून छापतात. तेथे प्रत्येक मापाचा आकडा रेघेवर लिहिलेला असतो व कारागीर आकडा वाचतो. नकाशाला पट्टी लावणे हाच तेथे गुन्हा. तीच सवय त्याच्या उत्तरसूचीत उतरली. चूक त्याची म्हणता येत नाही. घरांच्या नकाशाला मिस्त्री पट्टी लावतात, हे त्याला सांगणे आमचे काम होते. वसतिगृहाच्या नकाशात काकांच्या हातून चौकटीच्या बाहेर एक टिंब पडून राहिले होते. डोळ्यांना न दिसणारे. यंत्राने प्रामाणिकपणे ते टिंबही कागदावर मावविले, आणि त्यासाठी बाकीचा नकाशा आक्रसून नऊ-दशांश झाला. चौकटीतले १ : १०० हे अक्षर तेवढे जसेच्या तसे.

पाण्याचा हौद अंगणात जमिनीखाली आहे. त्याची बाहेरची कड भिंतीपासून ९ मीटरवर. आमच्या प्रतीवर पट्टी लावली तर ८.१. कंत्राटदाराची फक्की ८.४ मीटरपासून सुरू होत होती. म्हणजे कागदाप्रमाणे हौद वाचत होता व प्रत्यक्षात खड्डा त्याच्या भिंतीतून दोन फूट आत जाणार होता. काम थांबविले. माती हलक्या हाताने उकरून पाहिली, तो हौदाची कड टेप सांगत होती तेथेच. खांब पुढे सरकविले. त्या मुलींना चिटणीसांनी एकेक कंपासपेटी दिली.

मग सूची तिसऱ्यांदा लिहिली. कागदावर मावेल तसे नको. चौकटीच्या दोन कोपऱ्यांमधलाच भाग छाप आणि प्रमाण ठाम १ : १००. हे केल्याबरोबर काही जुने नकाशे पोस्टाच्या तिकिटाएवढे निघाले. ते इंचांत काढलेले होते व नवी सूची मिलिमीटर धरून चालत होती. एका इंचात २५.४ मिलिमीटर, म्हणून नकाशा तितक्या पटीने लहान. ही चूक पाहून आम्हांला उलट बरे वाटले, कारण ती लपत नाही. एकाच नावाचे माप निरनिराळे असण्याची गोष्ट धारला तर फार जुनी आहे. अकराव्या शतकात धारच्या भोज राजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधार या वास्तुग्रंथात हात हे मापही तीन प्रकारचे दिले आहे. अंगुळ आठ यवांचे धरले तर थोरला हात, सातांचे तर मधला आणि सहांचे तर धाकटा. तेव्हाच्या सूत्रधारालाही काम हाती घेण्यापूर्वी, कोणता हात, हे विचारावे लागत असणार.

आता आम्ही घाणा घालतो तो असा. मूळ डिस्कला हात लावीत नाही. तिची नक्कल करून नकलेवर काम. आधी दहा नकाशे, परंतु पहिले दहा नव्हेत, तर निवडून काढलेले द्वाड दहा : सर्वांत जुना, सर्वांत मोठा, ध असलेला, इंचातला, चौकटीबाहेर टिंब असलेला. शाळेत तपासणीसाहेब आले की आपण हुशार मुले पुढे बसवितो. येथे नेमके उलटे करावे लागते. प्रत्येक प्रतीवर कोपऱ्यात पाच मीटरची मापरेघ छापली जाते, म्हणजे कागद आक्रसला तर रेघही आक्रसते व पट्टी लावताच कळते. शिवाय आत गेलेले नकाशे व बाहेर आलेल्या प्रती यांची गणती जुळल्याखेरीज दिवा मालवीत नाही. देवासला नोटांचा सरकारी छापखाना आहे. कागद मोजून आत व मोजून बाहेर, ही शिस्त देवासकरांना नवी वाटू नये. आणि प्रत्येक इमारतीची एक तरी भिंत टेपने मोजून नोंदवहीत लिहिली आहे. ते काम नववीच्या मुलींकडेच आहे. धारच्या इमारतींसाठी त्यांची सहल नेली होती, मांडूही पाहून झाले.

तीन नकाशे मात्र अजून निघालेले नाहीत. त्यांच्याखाली जोडलेला मूळ जागेचा नकाशा काकांच्या घरच्या संगणकावर होता व तो संगणक राहिला नाही. हे तिन्ही धारच्या जुन्या सभागृहाचे आहेत. त्या बांधकामाच्या वेळी जे सभासद समितीवर होते, त्यांच्या घरी ट्रेसिंग कागदावरील मूळ नकाशे किंवा निळ्या प्रती असण्याचा संभव आहे. असल्यास त्यांनी त्या घडी न घालता, गुंडाळी करून, ट्रस्टच्या धार किंवा देवास कचेरीत आणून द्याव्या. नक्कल करून मूळ प्रत ज्याची त्यास परत केली जाईल.